घशाची पट्टी आणि आपल्या मुलांचे हृदय

(रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन आणि रिकाम्या जागा या विषयांवर बोलायला आपल्याकडे माणसे भरपूर आहेत, आणि दुपारच्या सत्रात ती बोलणारच आहेत. सकाळचा हा तास आम्ही मुद्दाम मागून घेतला तो घशासाठी. काहींना हसू येईल. घसा दुखतो, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, हळद घातलेले दूध पितो, तीन-चार दिवसांत बरा होतो, त्यात भाषण कसले करायचे? दहांतल्या सात-आठ घशांच्या बाबतीत हे हसणे अगदी बरोबर आहे. उरलेल्या दोन-तीन घशांबद्दल आम्हाला बोलायचे आहे. हे घसे बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचे असतात. आणि रेल्वे कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये सहा माणसे झोपतात तिथे एका मुलाचा घसा म्हणजे घरातल्या सगळ्या मुलांचा घसा, हे इथे बसलेल्या आयांना सांगायला नको.

घसा दुखण्याची कारणे मुख्यतः दोन. एक विषाणू, म्हणजे सर्दी-पडशाचा जो प्रकार असतो तो. त्यावर अँटिबायोटिक गोळी चालत नाही, तो आपला आपण जातो. दुसरे कारण म्हणजे जंतू, आणि त्यातला महत्त्वाचा जंतू म्हणजे 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो माळेतल्या मण्यांसारखा दिसतो. या जंतूंचे अ, ब, क असे गट न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या रिबेका लान्सफिल्ड या बाईंनी १९३३ साली पाडून दाखवले. त्यांचे नाव आम्ही विनाकारण घेत नाही. जंतूच्या आवरणातल्या ज्या पदार्थावरून त्यांनी गट ओळखले, तोच पदार्थ आज पाच-दहा मिनिटांत पट्टीवर ओळखता येतो. त्या पट्टीकडे येऊच.

मुलांच्या दुखऱ्या घशांपैकी शंभरात वीस ते तीस या जंतूमुळे असतात, मोठ्या माणसांत पाच ते पंधरा. डॉक्टर टॉर्च मारून बघतात तेव्हा ते काही खुणा शोधत असतात. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरट-पिवळा थर आहे का, मानेच्या पुढच्या बाजूला जबड्याखाली दुखऱ्या गाठी आहेत का, आणि खोकला नाही ना. खोकला आणि वाहते नाक असेल, आवाज बसला असेल, तर बहुतेक विषाणूच. या चार खुणांची मोजणी १९८१ साली अमेरिकेत मांडली गेली आणि आजही डॉक्टर ती वापरतात. खुणा उपयोगी आहेत, पण त्या पक्क्या नाहीत. चारही खुणा असलेल्या रुग्णांतही कित्येकांना हा जंतू सापडत नाही. अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने चुकतात, आणि आमच्या मते यात डॉक्टरांची अक्कल काढण्याचे कारण नाही. दोन्ही घसे लालच दिसतात.

आता हृदयाकडे या. घसा दुखल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी, म्हणजे घसा बरा होऊन मूल शाळेत जाऊ लागल्यावर, काही मुलांना पुन्हा ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा, मग मनगट. घरात म्हणतात, खेळताना पडला असेल, वाढीचे दुखणे असेल. हा ऱ्हुमॅटिक ताप. शरीराने जंतूशी लढायला जे सैन्य उभे केले ते गोंधळून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते, कारण जंतूच्या अंगावरचे काही घटक आपल्या हृदयातल्या घटकांसारखे असतात. सांधे पूर्ण बरे होतात. झडप मात्र पुष्कळदा होत नाही. पुन्हा स्ट्रेप्टोकोकसचा घसा झाला की पुन्हा मार बसतो, आणि प्रत्येक वेळी झडप आणखी जाड, आणखी आकसलेली होते. दहा-पंधरा वर्षांनी तरुण माणसाला जिना चढताना धाप लागते. मुलींच्या बाबतीत तर कित्येकदा पहिल्या बाळंतपणातच हे कळते, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो आणि आकसलेल्या झडपेला तो पेलत नाही.

जगात चार कोटींहून अधिक माणसे हा झडपांचा आजार घेऊन जगत आहेत, आणि त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे. हा श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झालेला आजार आहे. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारा उपचार जिथे आहे तिथे तो राहिला.

आपल्यातल्या जुन्या लोकांना पेरांबूरचे रेल्वे रुग्णालय माहीत आहे. देशातली पहिली बायपास शस्त्रक्रिया तिथे १९७५ साली झाली, आणि झडपांचे रुग्ण घेऊन आपली माणसे लांबलांबून पास काढून तिथे गेली आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी कृत्रिम झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. याचा आम्हाला अभिमान आहे. पण झडप बदलली म्हणजे सुटका झाली असे नाही. धातूची किंवा तशा जातीची झडप असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर, आणि त्या गोळीचे प्रमाण बरोबर आहे ना हे बघायला वरचेवर रक्ततपासणी. ज्याची सुरुवात एका घशात झाली त्याचा हा शेवट. नोकरीवर असलेल्या माणसाला हा आजार निघाला तर रेल्वेत मेडिकल कॅटेगरीचा प्रश्न येतो, ए-वन मधला माणूस कुठे जातो हे तुम्हाला माहीत आहे.

हे सगळे टाळता येते का? येते, आणि ते आजचे ज्ञान नाही. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या एका लष्करी तळावर जवानांच्या घशांची साथ होती. तिथे केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९५० साली छापले गेले. पेनिसिलिन दिलेल्या सुमारे आठशे जवानांपैकी दोघांना ऱ्हुमॅटिक ताप आला, न दिलेल्या तितक्याच जवानांपैकी सतरा जणांना. (अशी तुलना आज कोणी करू देणार नाही, आणि करू नये. ते जवान होते, त्यांना कोणी विचारले होते की नाही हा वेगळा विषय.) पुढे हेही कळले की घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी हृदय वाचते. म्हणजे रात्री दोन वाजता धावपळ करण्याचे कारण नाही. एक-दोन दिवस तपासायला हाताशी असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा.

मग कोणी म्हणेल, सगळ्यांनाच पेनिसिलिन देऊन टाका, तपासणी हवी कशाला? प्रत्यक्षात आज जवळपास तेच चालले आहे, फक्त पेनिसिलिनऐवजी दुसरेच औषध दिले जाते. घसा दुखला की मेडिकलच्या दुकानात जायचे आणि तीन दिवसांच्या गोळ्यांची पट्टी घ्यायची. त्या गोळ्या चारांतल्या तिघांना लागतच नव्हत्या. जुलाब, पुरळ हे त्रास त्यांनी फुकट सोसले, आणि पोटातल्या इतर जंतूंना त्या औषधाची सवय लागली. पुढे न्यूमोनिया किंवा जखमेच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. सरकारने अँटिबायोटिकच्या पाकिटावरची लाल रेघ ओळखा अशी मोहीम २०१६ साली काढली ती यासाठीच. आणि ज्या एकाला औषध खरोखर हवे होते, त्यालाही ही गोळी पुरेशी पडेल याची खात्री नाही, कारण तीन-तीन दिवसांच्या या जातीच्या गोळ्यांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस बऱ्याच देशांत सापडले आहेत. उलट जुन्या पेनिसिलिनला या जंतूने ऐंशी वर्षांत दाद दिली नाही असे झालेले नाही. इतके स्वस्त, इतके जुने, आणि अजून चालणारे औषध. पण ते दहा दिवस घ्यावे लागते, किंवा बेंझाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटला की गोळ्या बंद, ही आपल्याकडची रीत. आई-बापांना 'हा खरोखर तोच जंतू आहे' असे डोळ्यांनी दिसले तर दहा दिवस पुरे करण्याची शक्यता वाढते, असे आम्हाला वाटते.

तर आता ती पट्टी.

कोविडच्या काळात स्टेशनांवर, सॉर्टिंग हॉलमध्ये, रनिंग रूममध्ये नाकात काडी घालून पंधरा मिनिटांत निकाल देणारी तपासणी तुम्ही सगळ्यांनी करून घेतली आहे. ही तिचीच थोरली बहीण आहे, घशाच्या पट्ट्या कोविडच्या कितीतरी वर्षे आधीपासून वापरात आहेत. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे, जीभ दाबायची, आणि कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर नीट घासायची. जिभेला, गालाला, दातांना लावायची नाही. मुलाला ओकारी आल्यासारखे होते, ते क्षणभरच. घाबरत घाबरत नुसती टेकवली तर पट्टी काही दाखवणार नाही, आणि दोष पट्टीला लागेल. मग नळीत दोन द्रावणांचे थेंब टाकायचे. ते एकत्र झाले की जे आम्ल तयार होते ते जंतूच्या आवरणातून तो 'अ' गटाचा पदार्थ सोडवते. काडी त्यात मिनिटभर फिरवायची, पिळून काढायची, आणि पट्टी बुडवायची. पाच मिनिटांत एक रेघ उमटली तर जंतू सापडला नाही, दोन उमटल्या तर सापडला, एकही उमटली नाही तर पट्टी खराब, दुसरी घ्या. प्रशिक्षण दिलेली नर्स किंवा ड्रेसर हे करू शकतो.

किती भरवसा ठेवायचा? शंभर मुले घसा दुखतो म्हणून आली आणि त्यांतल्या पंचवीस जणांना खरोखर हा जंतू आहे असे धरा. पट्टी त्या पंचविसांपैकी साधारण एकवीस पकडते, चार सुटतात. उरलेल्या पंचाहत्तरांपैकी तीन-चार जणांना उगाच 'आहे' म्हणते. म्हणजे शंभराऐवजी पंचवीसेक मुलांना अँटिबायोटिक जाते. सुटलेल्या चारांचे काय, हा खरा प्रश्न. त्यासाठी जुनी पद्धत आहे, कल्चर. घशातला नमुना रक्त मिसळलेल्या बशीवर घालून एक-दोन दिवस वाढवायचा. लहान मुलाची पट्टी कोरी आली आणि खुणा मात्र बोलत असल्या, तर कल्चरला पाठवावे. नऊ दिवसांची सवड आहे हे मघाशी सांगितले ते यासाठी. मोठ्या माणसांत पट्टी कोरी आली तर पुढे जाण्याची सहसा गरज नसते, कारण पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच ऱ्हुमॅटिक ताप येणे फार दुर्मिळ आहे.

पट्टीचे आणखी एक दुबळेपण आहे. काही धडधाकट मुलांच्या घशात हा जंतू नुसताच मुक्काम करून असतो, काही बिघाड करत नाही. अशा मुलाला सर्दीने घसा दुखला तरी पट्टीवर दोन रेघा येतील. म्हणून नाक वाहणाऱ्या, खोकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घशात काडी घालत सुटू नये. आधी अँटिबायोटिक देऊन मग तपासायलाही नेऊ नये. आणि कित्येक रुग्णांना आधी घसा दुखल्याचे आठवतच नाही, तिथे पट्टीही काही करू शकत नाही. पट्टी हे जादूचे यंत्र आहे असे सांगायला आम्ही आलो नाही.

इथे एक तक्रार नोंदवायची आहे. घसा दुखतो म्हणून गेलेल्या मुलांना 'एएसओ' नावाची रक्ततपासणी लिहून दिली जाते, हे आम्ही गावोगाव पाहिले. ही तपासणी शरीराने जंतूविरुद्ध काय तयार केले ते मोजते. ते वाढायला एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आजच्या घशाबद्दल ती काहीच सांगत नाही. मागे कधीतरी हा जंतू येऊन गेला एवढेच सांगते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांत तो कधीतरी येऊन गेलेला असतोच. ऱ्हुमॅटिक तापाची शंका असेल तेव्हा तिचा उपयोग आहे, तेव्हा ती जरूर करावी. पण नुसता आकडा वाढला म्हणून एखाद्या मुलाला हृदयरोगी ठरवून घरादाराची झोप उडवणे हे बरे नव्हे. ज्या घशाच्या दिवशी काडी घालायला हवी होती त्या दिवशी ती घातली नाही, आणि महिन्याने रक्त काढले, असा हा प्रकार.

बाहेर काय चालते? फ्रान्समध्ये २००२ सालापासून तिथल्या सार्वजनिक आरोग्य विम्याने ही पट्टी डॉक्टरांना फुकट पुरवायला सुरुवात केली, कारण लोक विनाकारण अँटिबायोटिक खात होते. ब्रिटनच्या वेल्स प्रांतात २०१८ पासून औषधाच्या दुकानातला प्रशिक्षित फार्मासिस्ट घसा बघतो, लागले तर पट्टी करतो. हे श्रीमंत देश, त्यांना चिंता अँटिबायोटिकची. आपल्याला चिंता दोन्हींची, म्हणून आम्हाला क्युबाचे उदाहरण जवळचे वाटते. तिथल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे मोहीम चालली. डॉक्टर-नर्सना शिकवणे, शाळांत आणि वस्त्यांत लोकांना सांगणे, घशावर वेळेवर उपचार, जुन्या रुग्णांची नोंदवही. शाळकरी मुलांत झडपांच्या आजाराचे प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आले. ते पट्टीमुळे आले असे मात्र कोणी म्हणू नये. ते दहा वर्षे न कंटाळता केलेल्या कामामुळे आले. जागतिक आरोग्य सभेने २०१८ साली सर्व देशांनी या आजाराकडे लक्ष द्यावे असा ठराव केला, त्याला आपल्या देशाचीही संमती आहे. ठराव झाला, पुढे काय, हे विचारायची सवय आपल्याला आहेच.

आता आपल्या हेल्थ युनिटकडे. आम्ही जिथे जिथे चौकशी केली तिथे बहुतेक ठिकाणी ही पट्टी ठेवलेली नव्हती. 'मागणी नाही' असे उत्तर मिळाले. मागणी कशी असणार, अशी काही गोष्ट असते हेच लोकांना माहीत नाही! पट्टीची किंमत एका झडपेच्या खर्चापुढे बोलण्यासारखीसुद्धा नाही. अडचण दुसरीच आहे. या पट्ट्या साधारण दोन ते तीस अंशांत ठेवाव्या लागतात. भुसावळ, नागपूर, इटारसी या बाजूला मे महिन्यात हेल्थ युनिटच्या कपाटात काय तापमान असते ते तुम्ही जाणता. तेव्हा पट्ट्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढायच्या. लाइनवरच्या लॉकअप डिस्पेन्सरीत फ्रीज आहे का, असला तर चालतो का, हा प्रश्न पट्टीच्या आधी येतो. ट्रॅकवर काम करणाऱ्यांची मुले त्याच स्टेशनांच्या आजूबाजूला राहतात, मोठ्या रुग्णालयाशेजारी नाही.

टपालातल्या साथींची तऱ्हा वेगळी. शहरात सीजीएचएसचा दवाखाना, बाकी ठिकाणी अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून दिले तर बिल सादर करायचे, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या बिलासाठी कोण खेटे घालणार? ग्रामीण डाक सेवकांची वैद्यकीय सोयीची मागणी तर किती जुनी आहे हे इथे कोणाला सांगायला हवे. म्हणून आमचे म्हणणे असे की पी.एन.एम.च्या बैठकीत आणि जे.सी.एम.मध्ये वैद्यकीय सोयींचा विषय निघेल तेव्हा त्यात तीन ओळी घाला. एक, शाळकरी मुले असलेल्या प्रत्येक वसाहतीच्या दवाखान्यात घशाची पट्टी. दुसरी, बेंझाथिन पेनिसिलिनचा अखंड पुरवठा, आणि रिअॅक्शन आली तर लागणारे औषध त्याच टेबलावर, म्हणजे ते इंजेक्शन द्यायला कोणी घाबरणार नाही. तिसरी, बदली झालेल्या कर्मचाऱ्याच्या मुलाचे कार्ड. ज्या मुलाला एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला त्याला दर तीन आठवड्यांनी हेच इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बाप हुबळीहून सोलापूरला गेला, क्वार्टर मिळेपर्यंत कुटुंब मागे राहिले, शाळा बदलली, आणि तीन-चार इंजेक्शने बुडाली. झडप तेवढ्यात जाते. बदलीच्या कागदांबरोबर त्या मुलाचे नाव नव्या दवाखान्यात आपोआप पोचले पाहिजे.

आणि घरी काय करायचे, हे या भगिनींसाठी थोडक्यात. मुलाचा घसा एकदम दुखू लागला, ताप आला, खोकला-सर्दी नाही, गिळताना रडतो, जबड्याखाली गाठी लागतात, तर दोन दिवसांच्या आत दवाखाना. दुकानातली पट्टी नको, घरात उरलेल्या गोळ्याही नकोत. गुळण्या, कोमट पाणी, तापाची गोळी चालेल. लाळ गळते आहे, तोंड उघडत नाही, श्वासाला आवाज येतो, मान ताठ झाली, किंवा घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा दिसतो, तर पट्टीची वाट बघत बसू नका. तो घटसर्पही असू शकतो, सरळ मोठे रुग्णालय गाठा. आणि घसा होऊन गेल्यावर महिन्याभरात सांधा सुजला तर डॉक्टरांना घशाची आठवण तुम्ही स्वतः करून द्या, ते विचारतीलच असे नाही.

ज्या शाखांना हा विषय पुढे न्यायचा आहे त्यांनी पुढच्या सभेला येताना आपापल्या हेल्थ युनिटमध्ये किंवा दवाखान्यात जाऊन एवढे बघून यावे. डॉक्टर कोणत्या वारी येतात, फ्रीज चालू आहे का, पेनिसिलिनचे इंजेक्शन शेवटचे कधी आले होते, आणि घशाचा नमुना कल्चरला पाठवायचा झाला तर तो कुठल्या गाडीने, कुठल्या रुग्णालयात जातो. जून महिन्यात शाळा उघडायच्या आत ही माहिती आमच्या हातात हवी आहे.